कॅम्प नंबर सहा

आमच्या घरात कुठलाही निर्णय घ्यायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी मुलं ठरवतात, मग आमची ही त्याला मान्यता देते आणि शेवटी माझं मत विचारलं जातं. तोपर्यंत आगाऊ रक्कम भरून झालेली असते.

"बाबा, पुढच्या शनिवारी आपण ग्लॅम्पिंगला जातोय," कन्या म्हणाली.

मला वाटलं हा एखाद्या तपासणीचा प्रकार असावा. या वयात डॉक्टर दर महिन्याला नव्या नावाची तपासणी सांगतात.

"उपाशीपोटी जायचं का?" मी विचारलं.

मग मला समजावून सांगण्यात आलं. कॅम्पिंग म्हणजे तंबूत राहणं. त्यात ग्लॅमर मिसळलं की ग्लॅम्पिंग. म्हणजे तळ्याकाठी तंबू, पण तंबूत पलंग, पलंगावर गादी, गादीवर पांढरीशुभ्र चादर, खाली गालिचा, वर पंखा आणि मागच्या अंगाला बाथरूम.

"मग तंबू कशाला? हे सगळं आपल्या घरी आहे."

"तंबूमुळे निसर्गाच्या जवळ गेल्यासारखं वाटतं," चिरंजीव म्हणाले.

निसर्गाच्या जवळ जायचा मला फारसा अनुभव नाही. माणसांच्या जवळ जायचा मात्र दांडगा आहे. तीस वर्षं मी अंबरनाथहून मुंबईला लोकलने नोकरीला गेलो. त्या काळात मी इतक्या माणसांच्या इतक्या जवळ गेलो की त्यांनी आदल्या रात्री काय खाल्लं हे मला न विचारता कळत असे. तेव्हा आता निवृत्तीनंतर थोडं निसर्गाच्याही जवळ जाऊन बघावं, असं म्हणून मी होकार दिला. अर्थात होकाराची वाट कुणी पाहत नव्हतं.

नियोजन मात्र माझ्याकडे आलं. आमच्याकडे निर्णय इतरांचे आणि नियोजन माझं, अशी वाटणी आहे. आणि मला कुठल्याही गोष्टीचं नियोजन करायचं म्हटलं की आधी इतिहास बघायची खोड आहे. (आमची ही म्हणते, हा इतिहास बघतो तोवर भूगोल हातचा जातो.)

तर इतिहास असं सांगतो, वाचकहो, की कॅम्पिंग ही आपल्याला नवी गोष्ट नाही. नुसते शब्द मोजा. तंबू, डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना, छावणी, तळ, मुक्काम. ज्या भाषेत उघड्यावर झोपायला इतके शब्द आहेत, त्या भाषेच्या माणसाला ग्लॅम्पिंग शिकवायला कुणी बाहेरून यायची गरज नाही. १९०७ साली बेडन-पॉवेल साहेबाने वीसेक पोरं घेऊन ब्राउनसी नावाच्या बेटावर तंबू ठोकले आणि त्यातून जगभरची स्काउट चळवळ उभी राहिली. आमचे वारकरी दरवर्षी लाखांनी पंढरीच्या वाटेवर राहुट्या ठोकतात आणि काढतात. त्यासाठी त्यांना शिट्टी लागत नाही आणि अर्धी चड्डीही लागत नाही.

पण या इतिहासात काही काळजीच्या जागाही आहेत. औरंगजेबाचंच घ्या. १६८१ साली तो दख्खनेत उतरला. त्याची छावणी म्हणजे चालतं शहर होतं. १६९५ साली जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी ती पाहून गेला. छावणीत बाजारच्या बाजार भरत होते. ग्लॅमरला काही तोटा नव्हता. आणि झालं काय? पंचवीस वर्षांवर बादशहा तंबूत राहिला आणि १७०७ साली नगरजवळ भिंगारला छावणीतच वारला. दिल्ली पुन्हा दिसली नाही. दुसरं उदाहरण तर घरातलंच. सहकुटुंब सहपरिवार कॅम्पिंगचा मराठ्यांचा सर्वांत मोठा प्रयोग १७६० साली पानिपतावर झाला. सैन्याबरोबर बायकामुलं होती, यात्रेकरू होते. अडीच महिने तळ पडला होता. पुढचं सांगायला नको.

तात्पर्य, तंबू ठोकायला निघालेला माणूस घरी परत येईलच असं नाही. हे मी रात्री जेवताना सांगितलं.

"आपण पानिपताला चाललेलो नाही. बदलापूरच्या पुढे चाललोय. आमटी वाढू?" ही म्हणाली.

आता बदलापूरच्या पुढेच का, हा प्रश्न होता. आमच्या या पट्ट्यात तळ्यांची वाण नाही. अंबरनाथला काकोळ्याला रेल्वेचा जीआयपी तलाव आहे. वाफेच्या इंजिनांना तहान लागायची त्या काळात रेल्वेने तो बांधला. इंजिनं गेली, तहान राहिली. आता अंबरनाथच्या कारखान्यात रेल्वेचं बाटलीतलं पाणी भरतात. पूर्वी इंजिन प्यायचं, आता प्रवासी पितात. चिखलोलीचं धरण आहे. बदलापूरजवळ भोज आहे, कोंडेश्वराचा धबधबा आहे. पण पावसाळ्यात उत्साही मंडळी पाण्यात उतरतात आणि वर येत नाहीत, म्हणून तिथे बहुधा दरवर्षीच बंदीचा हुकूम निघतो. बदलापूर या नावाचीही एक कथा सांगतात. कल्याणच्या वाटेवर इथे स्वारांचे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरंखोटं घोडे जाणोत. आम्ही इथे फक्त जलद गाडीची धिमी झालेली पाहिली आहे.

शेवटी बारवीकडचं एक ठिकाण ठरलं. बदलापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता या धरणाजवळून जातो. दोन्ही बाजूंना झाडी, पुढे पाणी. धरणाच्या भिंतीजवळ कुणी तंबू ठोकू देत नाही, ते योग्यच आहे. पण आसपास कुणाकुणाच्या जागेत तंबू उभे असतात. डिसेंबर होता, पावसाची भीती नव्हती.

मग यादी सुरू झाली. चादरी, बॅटऱ्या, सतरंजी, डास पळवायचं मलम, उंदीर पळवायचं औषध (आत उंदीर असतील तर), विळी (नाही नेली), दोन थर्मास, मुरांबा, लसणाची चटणी, हिच्या गुडघ्याचं तेल, माझ्या पाठीचं तेल. सत्तावन्न वस्तू झाल्या. शिवाय चिरंजीवांनी उल्हासनगरच्या बाजारातून एक झोपायची पिशवी आणली. झोपायची पिशवी म्हणजे आत माणूस घालून चेन ओढायची. तिच्यावर ठळक अक्षरात 'मेड इन यू.एस.ए.' असं छापलं होतं. मी मोठ्या अभिमानाने ती शेजारच्या दादांना दाखवायला नेली.

दादा म्हणजे आमचे सिंधी शेजारी. वय ब्याऐंशी. थोरला मुलगा उल्हासनगरला कॅम्प नंबर पाचमध्ये असतो, हे धाकट्याबरोबर अंबरनाथला आमच्या शेजारी. मराठी उत्तम बोलतात. ती बराकीत आणि लोकलमध्ये शिकलेली असल्यामुळे तिला थोडा गर्दीचा वेग आहे, इतकंच.

दादांनी चष्मा वर करून लेबल वाचलं आणि हसू लागले.

"साईं, यू.एस.ए. म्हणजे काय माहीत आहे ना? उल्हासनगर सिंधी असोसिएशन!"

हा विनोद आमच्याकडे फार जुना आहे. पण तो दादांच्या तोंडून ऐकण्यात मजा आहे, कारण त्या यू.एस.ए.त त्यांनी स्वतः चाळीस वर्षं धंदा केला.

मग त्यांनी यादी मागून घेतली. मीही आनंदाने दिली. कारण कॅम्पिंगमध्ये आमच्या इमारतीत त्यांच्याइतका अनुभवी माणूस दुसरा नव्हता. हे मी गमतीत म्हणालो नाही. उल्हासनगरला सबंध मुंबई प्रांत नुसता 'कॅम्प' म्हणून ओळखत होता, आणि आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच असंच सांगतात. पुण्याच्या माणसाला कॅम्प म्हटलं की लष्कर आठवतं. ते इथेही बरोबरच आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळच्या माळावर फौजेसाठी छावणी उभारली. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील अशी ती योजना होती. दोन हजारांवर बराकी होत्या. युद्ध संपलं, फौज गेली, बराकी ओस पडल्या. तेवढ्यात १९४७ उजाडलं. सिंधमधून माणसं निघाली, आणि त्यांतली लाखभर या ओस बराकींत येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून गावाचं नाव ठेवलं उल्हासनगर. घरदार सोडून आलेल्या लोकांच्या गावाला उल्हास हे नाव! राजाजींना विनोदबुद्धी होती की दूरदृष्टी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

दादा त्या वेळी सहा वर्षांचे होते. शिकारपूरहून कराची, कराचीहून बोटीने मुंबई, तिथून आगगाडीने कल्याण आणि मग बराक. एका बराकीत किती कुटुंबं, याचा हिशोब पडद्यांवर अवलंबून असे. गोणपाटाचे पडदे लावले की खोल्या होत. पलीकडच्या घरात कुणी खोकलं की अलीकडचा माणूस पाणी देई. दहाव्या वर्षी दादा लोकलमध्ये गोळ्या आणि पिना विकू लागले. दोघांनी एकाच गाडीत वेगवेगळ्या काळात आयुष्य काढलं म्हणूनच बहुधा आमचं जमतं.

तर दादांनी सत्तावन्न वस्तूंची यादी शेवटपर्यंत वाचली.

"किती दिवस चाललात?"

"शनिवारी सकाळी जायचं, रविवारी संध्याकाळी परत."

"मग बरोबर आहे," दादा म्हणाले. "परत यायचं नक्की असलं की माणूस सामान फार नेतो. माझ्या बापाने एक ट्रंक, एक वळकटी आणि एक तवा एवढंच घेतलं. आई म्हणाली, हिवाळ्याच्या रजया घेऊ या. बाप म्हणाला, कशाला ओझं? दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी यादी हातात घेऊन उभा राहिलो. काय बोलावं सुचेना. दादांनी मात्र लगेच दुसरा मुद्दा काढला.

"तुमच्या यादीत कोकी नाही. प्रवासाला कोकी पाहिजे. पोळी दुसऱ्या दिवशी वात होते. कोकीला काही होत नाही."

कोकी म्हणजे कांदा-मिरची घालून केलेली जाड, खरपूस गव्हाची रोटी. ती दोन दिवस टिकते हे मी स्वतः पाहिलं आहे. बोटीवरही त्यांच्या आईने कोकीच दिली होती म्हणे. आमची ही आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, कोकी तुमच्या सुनेला करू द्या, आणि तुम्हीच चला ना आमच्याबरोबर."

"बेटी, मी आता कॅम्पला येऊ?" दादा म्हणाले. आणि आले.

शनिवारी निघताना आमच्याकडे नेहमीप्रमाणे कुलपाचा कार्यक्रम झाला. कुलूप लावलं. ओढून पाहिलं. जिना उतरल्यावर हिला गॅसची शंका आली. परत उघडलं. गॅस बंद होता. परत लावलं. खाली आल्यावर मला कुलपाची शंका आली. दादा खाली गाडीत बसून शांतपणे हे बघत होते.

"आम्हीही लावलं होतं," ते एवढंच म्हणाले. चिरंजीवांनी गाडी चालू केली.

वाटेत दादांच्या सांगण्यावरून अंबरनाथच्या शिवमंदिरावरून गेलो. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा लेख इथे सापडला आहे. शिलाहारांचं हे देऊळ वालधुनीच्या काठी आहे. गाभाऱ्यात जायचं तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गावातले लोक मात्र सांगतात, की वनवासात असताना पांडवांनी हे एका रात्रीत बांधलं. म्हणजे पाहा, पांडवांसारख्या मुरलेल्या मंडळींनासुद्धा मुक्काम एका रात्रीचा असला तरी दगडाचं काहीतरी बांधल्याशिवाय चैन पडलं नाही. कराराप्रमाणे तेरा वर्षांनी घरी परत यायचं, असं ठरलेलं असूनही त्यांना घर मिळालं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

तंबूचं वर्णन थोडक्यात करतो. पलंग होता. गालिचा होता. पंखा होता, पण वीज संध्याकाळी सहाला गेली ती गेलीच. ज्या अंधाराला आम्ही घरी भारनियमन म्हणून शिव्या देत होतो, त्या अंधाराचे इथे पैसे भरले होते. त्यामुळे सगळ्यांनी तो आवडून घेतला. यू.एस.ए.च्या पिशवीची चेन आत चिरंजीव असताना अडकली. अर्धा तास त्यांचं फक्त डोकं बाहेर होतं. डासांना ही पद्धत सोयीची वाटली असावी. शेवटी दादांनी मेणबत्तीचं मेण चोळून चेन सोडवली. "आमचाच माल," ते म्हणाले.

मुलांनी तंबूला कागद चिकटवला होता, कॅम्प नंबर सहा. उल्हासनगरात पाचच आहेत, म्हणून. दादांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

रात्री शेकोटी झाली. तंबूंची देखरेख करणारे एक काका लाकडं आणून देत होते. पन्नाशीचे असतील. कमी बोलत होते. आम्ही गाण्याच्या भेंड्या खेळलो. कोकी आणि लसणाची चटणी यांचं लग्न लागलं. (ते टिकाऊ आहे.)

खरी गोष्ट सकाळी झाली. मला लवकर जाग आली तर दादा पाण्याच्या दिशेने निघालेले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, खडबडीत उतार. मी मागोमाग गेलो. काकाही काठी घेऊन आले. पाण्यापासून थोडं अलीकडे दादा थांबले, खिशातून पुडी काढली. पुडीत तांदूळ आणि साखर. काकांच्या आधाराने दोन पावलं पुढे होऊन त्यांनी ते पाण्यात सोडलं आणि हात जोडले.

"काय टाकलंत?" काकांनी विचारलं.

"अखो. आमचा देव पाण्याचा. झूलेलाल. माशावर बसतो. सिंधू तिकडे राहिली, म्हणून जे पाणी भेटेल त्याला नमस्कार करायचा. तुम्ही नाही करत?"

"करतो की," काका म्हणाले. "आमचं गाव खालीच हाय."

धरण एमआयडीसीचं, १९७२ सालचं. पुढे त्याची उंची वाढवत गेले, आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते वाढलेल्या उंचीपर्यंत पहिल्यांदा भरलं. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पाणीकपात टळली, अशी ती बातमी होती. त्या बातमीत खाली गावांचाही उल्लेख होता. तो मी वाचला होता की नाही, आठवत नाही.

दादा वाळक्या गवतावर बसले. काकाही बसले. मी उभाच होतो. ते दोघे जे बोलत होते त्यात मला भाग नव्हता.

"कागद मिळाला?"

"मिळाला. पैसंबी मिळालं."

"सगळ्याचे?"

"घराचं मिळालं. दारात चिंच व्हती."

"आमच्याकडे बोर होती," दादा म्हणाले. "तिला फॉर्ममध्ये जागा नव्हती."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग दादा म्हणाले, "माझा मोठा मुलगा कॅम्प पाचमध्ये असतो. उल्हासनगरला एमआयडीसीचं पाणी येतं. म्हणजे इथलंच. माझे नातू तुमच्या गावावरचं पाणी पितात."

"सगळीच पितात," काका म्हणाले. त्यात राग नव्हता. वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

दादांनी पुडीत राहिलेली साखर काकांच्या हातावर दिली. काकांनी ती तोंडात टाकली. मलाही चिमूटभर मिळाली. वर तंबूतून चिरंजीव ओरडत होते की चहा कुठल्या थर्मासमध्ये आहे. दोन थर्मास नेले होते, आणि दोन्हीत पाणीच होतं.

रविवारी संध्याकाळी परतलो. सत्तावन्न वस्तूंपैकी नऊ वापरल्या होत्या. बाकीच्या अठ्ठेचाळीस तीन मजले चढवून वर आणल्या. दाराशी आलो आणि ही म्हणाली, "किल्ली?"

माझ्या खिशात नव्हती. हिच्या पर्समध्ये नव्हती. मुलांनी पिशव्या उलट्या केल्या. मुरांब्याची बरणी जिन्यात फुटली. दादा आपल्या दाराच्या उंबऱ्यावर उभे राहून बघत होते. या खेपेला ते हसत नव्हते. शेवटी किल्ली यू.एस.ए.च्या पिशवीच्या तळाशी सापडली. कुलपात घातली, फिरवली, दार उघडलं. आत सगळं होतं तसं होतं. आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र, टेबलावर माझा जुना चष्मा, गॅस बंद.

"उघडलं?" दादांनी विचारलं.

"उघडलं, दादा."

"मग ठीक," ते म्हणाले आणि आत गेले.

ती यादी मी जपून ठेवली आहे. पुढच्या हिवाळ्यात मुलं पुन्हा काहीतरी ठरवतील आणि मला विचारतील. यादी तीच चालेल, विळी सोडून. फक्त किल्ली तिच्यात लिहायची राहिली होती. ती आता एक नंबरला लिहिली आहे. दोन नंबरला कोकी.